कुरणातला गोठा

वरुणा नदीपलीकडच्या सरकारी कुरणात पणजोबांनी बांधलेला आमचा गोठा आता सरकारनं ‘धरोहर’, म्हणजे वारसा म्हणून जपून ठेवला आहे. तो देऊन टाकायच्या कागदावर सही माझी. आत्याची सगळी हयात त्या गोठ्यात गेली; पंचगंगा घाटाजवळच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांना दूध तिनंच घातलं. शेवटची म्हातारी गाय तिला सोडवेना. “ती तिथंच राहील, सरकार सांभाळेल,” असं मी ठोकून दिलं. प्रत्यक्षात कुरणात जनावर नको, असा नियम निघाला आणि गाय एका ट्रकमधून गेली. कुठं, ते मी विचारलंही नाही.

आत्या रोज जेवणाआधी गोग्रास काढून डब्यात भरायची. माझी बँक तिकडेच, म्हणून गायीला पोचवायचं काम माझ्याकडे. मी तो गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सांडापुढे ओतायचो आणि संध्याकाळी, “खाल्लं बरं का तिनं,” म्हणून सांगायचो. इतका निर्लज्ज झालो होतो.

वसुबारसेला मात्र ती हटून बसली. गायीची पूजा करायची म्हणजे करायचीच. मी हजार सबबी सांगितल्या. ती पूजेचं ताट घेऊन ऑटोत बसलीसुद्धा.

गोठा सुरेख ठेवला होता, हे कबूल करायला हवं. भिंतींना नवा चुना, गव्हाणीत प्लास्टिकचं गवत. शेणाचा वास तेवढा नव्हता. आत्यानं गव्हाणीवर हात ठेवला तसा पहारेकरी धावत आला.

“माताजी, छूइए मत.”

“भैया, हमारी गाय किधर बाँधी है?”

“गाय? यहाँ तो जानवर मना है, माताजी. शुरू से.”

आत्या माझ्याकडे वळली. “मग डबा कुणाला घालत होतास?”

“सांडाला.”

“आणि गाय?”

“माहीत नाही.”

मला राग आला. त्या नियमाचा, पहारेकऱ्याचा, अगदी आत्याचासुद्धा. कशाला यायचं होतं हिला इथं! ती रडली असती तर मी समजूत तरी काढली असती. तिनं ताट फडक्यात बांधलं आणि ऑटोत जाऊन बसली.

पुलावर जाम लागला होता. समोर बघतच ती म्हणाली, “मी जड झाले, की मलाही कुठंतरी पाठवशील. तेव्हा खरं सांगशील ना रे?”

“आत्या, तुझी शपथ...”

“शपथ नको,” ती म्हणाली. “नुसतं सांग.”