महिला मंडळात बदली माणूस

गावात महिला मंडळ निघालं आणि त्याच्या पहिल्या बैठकीला बायकोच्या बदली मी जाऊन बसलो.

आज लिहिताना हात जरा अडखळतो, पण त्या दिवशी पाय अजिबात अडखळले नव्हते. आमच्याकडे रीतच तशी. ग्रामपंचायतीत बाई निवडून येते आणि खुर्चीत तिचा नवरा बसतो. त्याला कोणी काही विचारत नाही, उलट पहिला चहा त्यालाच मिळतो. रेशनच्या रांगेपासून सोयरिकीच्या बोलणीपर्यंत आमच्या घरातर्फे मीच जात आलो होतो. मग ही एक बैठक काय निराळी?

बैठक नेमकी धारांच्या वेळेला होती. बायको हळदीकुंकवाला नेसते ते लुगडं नेसून दारात उभी होती, आणि ते लुगडं माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

"तू धारा काढ," मी म्हणालो. "मी जाऊन येतो. काय ठरलं ते सांगतो तुला."

"बोलवनं मला हाय."

"तेच ते."

खरं तर धारा मलाही काढता येतात. पण गाई माझ्या हाताला पान्हा चोरतात, असं मी लग्न झाल्यापासून सांगत आलोय, आणि घरात तो विषय कायमचा मिटलाय. तिनं बादली उचलली. रोजच्यापेक्षा जास्त आवाज करून उचलली, एवढं मला ऐकू आलं. त्याचा अर्थ कळायला तेवढं डोकं पाहिजे होतं.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकली होती. मी मधल्या खांबाला पाठ लावून मांडी घातली. बायका एकेक करून येऊ लागल्या आणि मला बघून दचकू लागल्या. आमच्या भावकीत माझ्या पिढीचा थोरला मी. गावातल्या निम्म्या बायकांचा मी नात्यानं भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ लागतो, नाहीतर सासरा. थोरल्या भायासमोर आमच्याकडची सून तोंड वर करून बोलत नाही, समोरासमोर बसतसुद्धा नाही. त्यामुळे आली ती प्रत्येक बाई पदर कपाळावर ओढून, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं दृश्य असं झालं, की महिला मंडळाची पहिली बैठक भिंतीशी चालली होती आणि मी त्यांच्या पाठींचा अध्यक्ष होतो.

मला वाटलं, केवढा हा मान!

मंडळाची खरी अध्यक्ष म्हणजे माझी चुलती. तिला माझ्यापुढं पदर ओढायचं कारण नाही. तिनं मला अंघोळी घातल्यात. ती आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तू रं कशाला आलास?"

"हिच्या बदली."

"अन ती कुटं हाय?"

"धारा काढतीय."

"मंग तू तिच्या बदली धारा काढायच्यास की!"

भिंतीकडून पदराआड दाबलेलं हसू आलं. मीही हसलो. विनोद माझ्यावर आहे हे कळलं नाही की मी मोकळेपणानं हसतो.

विषय होता शिंगणापूरच्या रस्त्याचा. शनिवारी देवाला जाणाऱ्या गाड्यांची तिथं रीघ लागते. मंडळातल्या बायकांनी करून उन्हात वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन रस्त्याकडेला टेबल मांडायचं, असा बेत होता. चुलतीनं विचारलं, "टेबलावर कोन बसनार?" कोणीच बोलेना. बोलणार कशा? मी बसलो होतो ना. पण मला वाटलं, बिचाऱ्यांना सुचत नाहीये. म्हणून मी घसा खाकरून सुरुवात केली. मार्केटिंग म्हणजे काय, पाकिटाचा रंग कसा असावा, गिऱ्हाईकाशी किती गोड बोलावं, सगळं सांगितलं. आयुष्यात दुधाशिवाय काही विकलेलं नाही, आणि दूधही डेअरीवाला मुकाट्यानं मोजून घेतो. तरी बोललो.

चुलती जांभई देऊन म्हणाली, "झालं? आता ऐक. कालच नळावर सगळ्यांच्या तोंडून तुझ्या बायकोचं नाव निघालंय. बसल का ती?"

"छे, छे! तिला न्हाई जमायचं. चार मानसांत तिचा आवाज निघत न्हाई. तिला शेंगदाणे भाजायला ठेवा."

चुलतीनं माझ्याकडे बघितलं, मग कडेच्या एका सुनेला डोळ्यानं खुणावलं. ती उठून गेली. मला वाटलं, चहा सांगायला गेली.

चहा आला नाही. बायको आली. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, कोपरापर्यंत दुधाचे शिंतोडे, आणि पदर डोक्यावर नाही, खांद्यावर. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठा."

"अगं, बस की. घरी गेल्यावर सांगतो ना सगळं."

"घरी नगं. हितंच सांगा. माझा आवाज निघत न्हाई, असं कोन म्हनलं?"

"म्हणजे मी आपलं सहज..."

"श्रीरामपूरच्या बाजारात बापाच्या शेजारी पोतं टाकून मी मेथी इकलीय. व्यापारी लांबून वळकायचे मला आवाजावरनं. लगीन करून आले, तवा तुमच्या आईनं सांगितलं, आमच्यात बाया मोठ्यानं बोलत न्हाईत. न्हाई बोलले. पर आवाज गेला न्हवता. ठिवला हुता."

मग तिनं तो काढला.

"याऽ वो याऽ मावशीऽ! बाजरीची खारोडी घ्याऽ, चटनी घ्याऽ!"

इतकी वर्षं एका छपराखाली राहून हा आवाज मी ऐकलेला नव्हता. तो मंडपातून निघाला, पारावरून गेला आणि थेट एसटीच्या थांब्याला जाऊन धडकला असावा. पारावरच्या पुरुषांना वाटलं, देवळात मारामारी झाली. ते धावत आले. सगळ्यात पुढं माझा चुलत भाऊ.

"काय झालं? काय झालं, वैनी?"

"काय न्हाई, भावजी. शनिवारी रस्त्याला टेबल मांडनार हाय. मी बसनार हाय. कुनाला काय म्हनायचं आसल तर आत्ता म्हना."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "दादा, तुमी बोला की कायतरी!"

आता भिंतीकडची तोंडं वळली होती. ज्या सुनांनी जन्मात माझ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं, त्या सगळ्या पदर मागं सारून माझ्याकडे बघत होत्या. मी काय बोलतो यावर तिचं टेबल उभं राहणार होतं, नाहीतर तिथंच मोडणार होतं. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं आधीच ठरवलं होतं. मी आडवा येतो का, तेवढंच बाकी होतं.

"मी मघाशी लई बोललो," मी म्हणालो. "आता तिचं ऐका."

आणि उठलो. मांडी घालून पाय बधिर झाले होते, त्यामुळे बाणेदारपणे निघायचं ठरवून मी खांब धरत धरत निघालो. ती माझ्या जागेवर बसली. घरी जाऊन मी उरलेल्या धारा काढल्या. गाईंनी पान्हा चोरला नाही. लाथ मात्र मारली.

संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तर रांगेत हीच चर्चा. चुलत भावानं सगळ्यांसमोर विचारलं, "मंग काय दादा, वैनीला रस्त्यावर बसवनार?"

"रस्त्यावर न्हाई, टेबलामागं. अन बसवनारा मी कोन? ती बसतीया."

"भावकीची अब्रू म्हनून काय हाय का न्हाई?"

"खारोडीनं जानारी आसल तर जाऊ दे. हलकीच हुती म्हनायची."

"शनिवारी आमी येऊन वैनीला माघारी आननार."

"ये की. येताना पिशवी आन. चटनी घेतल्याबगर माघारी जाऊ देनार न्हाई."

एवढं बोलून मी घरी आलो तेव्हा छाती पुढं आली होती. बायकोला सांगितलं, शनिवारी मी सोबत येणार, कोण तुला उठवतो ते बघतो. ती म्हणाली, "नगं. मंडळाच्या बाया हायेत." मी ऐकलं नाही. उशिरा का होईना, मर्दानगी दाखवायची संधी आली होती, ती मी कशी सोडणार?

शनिवारी टेबल लागलं. मागं बायको आणि मंडळाच्या दोघीजणी. पुढं मी. हाताची घडी घातली, मिशा नीट केल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं डोळे वटारून उभा राहिलो. न जाणो, हीच भावकीची असली तर?

भावकी आली. दोन मोटारसायकलींवर आली आणि रस्त्यापलीकडं रसवंतीजवळ थांबली. मी बाह्या सावरल्या. पण माझी गरजच पडली नाही. बायकोनं त्यांना बघितलं आणि आवाज आणखी चढवला.

"याऽ वो भावजी! लांब का हुबं ऱ्हायलात? घरच्या मानसानं पयली भवानी करावी! याऽ!"

दहा गाड्यांतले भाविक वळून चुलत भावाकडं बघायला लागले. तो आधी हसला, मग घाम पुसला. मग जणू रसच प्यायला आलो होतो असं दाखवत त्यांनी एकेक ग्लास रस घेतला आणि गाड्यांना किका मारल्या. मंडळाच्या दोघी पदर न ओढता, तोंडभरून हसल्या. बायको हसली नाही. ती पुढच्या गाडीला हाक मारत होती.

मी मात्र लढाई जिंकल्यासारखा टेबलापुढं आणखी ताठ झालो. गाड्या हळू व्हायच्या, काचा खाली व्हायच्या, आतली माणसं टेबलाकडं बघायची आणि निघून जायची. बराच वेळ हे चाललं. मला वाटलं, खारोडीचा रंग चुकला असेल. तसं मी बायकोला सांगितलंही.

शेवटी रसवंतीची म्हातारी ग्लास विसळता विसळता रस्ता ओलांडून आली. माझ्याकडं तिनं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग बायकोकडं वळून म्हणाली,

"बाई, ह्यो तुजा मालक हाय व्हय? मंग आदी ह्याला घरी धाड. तुजा आवाज ऐकून गिऱ्हाईक थांबतंया, अन ह्याचं थोबाड बघून पळतंया."