पाटलिणीची बदली

सुभेदारकाका घरातल्या कुठल्याही दाराला कडी लावत नसत. अंघोळीला गेले तरी न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं, आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून ते मोठमोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणत. पाढा मध्येच थांबला की साबण डोळ्यांत गेला, हे काकू ओळखत. तुरुंगखात्यात शिपाई म्हणून लागून सुभेदार होऊन निवृत्त झालेला हा माणूस येरवड्यात आमच्या शेजारच्या बैठ्या घरात राहायला आला, तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, दार उघडं राहिलंय तुमचं." ते म्हणाले, "बाई, नोकरीभर कुलपं लावली. आता ज्याला यायचं त्यानं यावं."

चोर कोणी आला नाही, कोंबड्या आल्या. काकूंनी मागच्या अंगणात पाच-सहा गावठी कोंबड्या पाळल्या आणि काकांनी त्यांचा कारभार हाती घेतला, तोही खात्याच्याच भाषेत. सकाळी खुराडं उघडलं की मोजणी, संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की पुन्हा मोजणी. एखादी अंडी देईना, तर ती 'वैद्यकीय रजेवर'. दाण्यावरून भांडण झालं की म्हणत, "दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही."

"ऐका, ऐका," काकू आतून म्हणत, "आणि काय म्हणाल्या ते मलाही सांगा."

त्यांत एक काळीभोर, धिप्पाड कोंबडी होती. चालण्यातल्या ऐटीवरून काकूंनी तिचं नाव पाटलीण ठेवलं होतं. दाणे टाकले की आधी ही जेवणार, बाकीच्या लांबून बघणार. एवढं तर कोंबड्यांत चालतंच. पण पोट भरल्यावरही पाटलिणीचं समाधान होत नसे. भुरी नावाच्या एका लहानखुऱ्या कोंबडीवर तिचा विशेष डोळा होता. भुरी पाण्याला गेली की टोच, सावलीला बसली की टोच, अंडं घालायला टोपलीत शिरली की तिथूनही हुसकून लावायचं. भुरीच्या मानेवरची पिसं गेली, मग रक्त दिसू लागलं, आणि रक्त दिसल्यावर इतर कोंबड्याही तिथेच चोच मारू लागल्या. काकू जखमेवर हळद दाबत म्हणाल्या, "ही काही जगत नाही. अहो, त्या पाटलिणीचा या रविवारी रस्सा करून टाकते."

काकांना दोघीही हव्या होत्या, आणि दोघींना एका अंगणात ठेवलं तर भुरी मरणार हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी दाण्याचं दुसरं भांडं अंगणाच्या पार त्या टोकाला ठेवलं. मंडईत जाऊन कोबीची टाकाऊ पानं पिशवी भरून आणली, त्यांची जुडी दोरीने उंच टांगली. "रिकाम्या डोक्याला काम दिलं की मारामाऱ्या कमी होतात. बराकीत बघितलंय मी." पाटलीण दोन्ही भांड्यांची आणि कोबीचीही मालकीण झाली.

शेवटी मी शहाणपणा केला. "काका, तिला काही दिवस एकटीला कोंडून ठेवा की."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एकटा कोंडलेला माणूस बाहेर येतो तेव्हा कसा बघतो, ते तुम्ही पाहिलेलं नाही. कोंबडी असली म्हणून काय झालं." मग जरा वेळाने स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "शिक्षा नको. बदली करू."

"कुठे?"

"तुमच्याकडे."

त्याच दुपारी पाटलीण त्यांच्या काखेतून आमच्या परसात आली. आईला त्यांनी "रुजू झाली म्हणून समजा," असं सांगितलं. दिवसभर ती मोकळी असे, रात्री मांजराच्या भीतीने आम्ही तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घालत असू. तिने आईचा पुदिना मुळासकट उकरला. काका रोज खिशात दाणे घेऊन तिच्या भेटीला येत आणि पुदिन्याबद्दल आईची माफी मागत. तिकडे भुरीची मान भरत आली. ती इतरांबरोबर भांड्याशी उभी राहून खाऊ लागली.

तिला पिसं फुटल्यावर काकांनी पाटलिणीला परत नेलं. "बदलीहून परत आलं की सिनिऑरिटी जाते," ते म्हणाले, आणि अगदी तसंच झालं. तिच्या मागे तिथल्या साऱ्या जागा वाटल्या गेल्या होत्या. सगळ्या जणी तिच्यावर धावून गेल्या. पाटलीण मान खाली घालून भिंतीला लागली. भुरीनेही एक टोच मारून घेतली, तेव्हा काकू आणि मी पोटभर हसलो.

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाटलिणीचं खाऊन होईपर्यंत ते स्टूल टाकून भांड्यापाशी बसू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, हिनं भुरीला फाडलं होतं, विसरलात का?"

"विसरलो नाही. म्हणून तर बदली केली. ते भोगून झालं तिचं. आता तिच्या अंगावर कोणी येता कामा नये."

पुढे काकांच्या मुलाने हिंजवडीला आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं. कोंबड्या देऊन टाकायच्या होत्या. भुरी सर्वांत आधी गेली, मग एकेक करत बाकीच्या. पाटलिणीला मात्र कोणी घेईना. तिची ख्याती गल्लीभर झाली होती. कापायला देत असाल तर नेतो, असं एकाने सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी काका तिला काखेत घेऊन आमच्या पायरीवर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती.

"बाई, सुटलेल्या माणसाला कोणी घर देत नाही हो. फाटकापर्यंत सोडायला जायचो मी, पुढचं काही बघता यायचं नाही. हिचं तरी..." मी हात पुढे केले.

काका आता नाहीत. हिंजवडीला गेल्यावर ते फार राहिले नाहीत. पण होते तोवर दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि माझ्या आईच्याही आधी पाटलिणीची चौकशी व्हायची. त्यांचा पहिला फोन आला, तेव्हा नुकतीच मी तिला दाणे घालून आत आले होते. मनगटावर तिच्या चोचीने रक्त काढलं होतं आणि ते मी पदराने दाबून धरलं होतं.

"कशी वागते?" त्यांनी विचारलं.

"गुणी आहे हो, काका," मी म्हटलं.

मग त्यांनी रिसीव्हर बाजूला धरून काकूंना सांगितलेलं मला ऐकू आलं, "ऐकलंस का? गुणी आहे म्हणतायत."