क्रेटच्या तळाशी हात

माही नणंद यमुताई कोणाचाच भरोसा करत नाही. काटोलच्या मंडीत संत्री घेते तवा क्रेटचा वरचा थर पाहतच नाही, सरळ तळाशी हात घालते. "वर मुखडा, खाली सडका," म्हणते. व्यापारी तिले पाहूनच तोंड वाकडं करतात. घरात नवा कुकर आणला तरी आधी उलटा करून पाहते. वैताग आहे नुसता!

कन्हानच्या सासरी ती सालभरच राहिली, मंग कायमची माहेरी आली. काहून, हे कोणी विचारत नाही. पण घरात शब्द तिचाच चालते.

माह्या पोरीले, हिमानीले, बारावीनंतर फिजिक्स शिकाचं होतं, बेसा गावाच्या पलीकडल्या विज्ञान विद्यापीठात. यमुताई म्हणे, "आधी मी पाहीन. नाही पटलं तं पोरगी काटोलातच शिकन."

नव्या पोरांले विद्यापीठ दाखवाचा दिवस होता. आम्ही तिघी एसटीनं गेलो. टाय घातलेले एक साहेब फिरवून राहिले होते. पाच वर्षांचा कोर्स, पहिल्याच वर्षापासून प्रयोग, पोरींचं होस्टेल आतच, गच्चीवर मोठी दुर्बीण. हिमानी तं हरखूनच गेली. मंग त्याईनं नवी प्रयोगशाळा उघडली. अगाई! टेबलात तोंड दिसन इतकी चकाचक.

यमुताईनं टेबलावरून बोट फिरवलं. "साहेब, इथं कोणी काम करते का?"

"रोज करतात, ताई."

"मंग एकही डाग काहून नाही?" आन मले कोपरानं ढोसलं. "वरचा थर होय हा, भावना."

शरमेनं मी अर्धी झाली. यमुताई कुठची थांबते! "ते मागची जुनी इमारत दाखवा," म्हणे. साहेब गडबडले. "तिकडे आज नको, ताई." झालं! दाल में काला. ती पदर खोचून निघाली त्या इमारतीच्या जिन्याकडे.

"आत्या, नको ना वं!" हिमानी रडकुंडीले आली.

वरती रंग उडालेली खोली. टेबलं ठिकठिकाणी जळलेली, ॲसिडचे पिवळे डाग, वायरी लोंबून राहिलेल्या. मी मनात म्हटलं, गेलं माह्या पोरीचं शिक्षण. आत एक पोरगी फळ्यापाशी उभी राहून पिकल्या केसांच्या सरांशी भांडून राहिली होती.

"सर, तुमचं चुकलंय. असं उत्तर येऊच शकत नाही."

मले वाटलं, आता हे फाडफाड बोलतीन तिले. सरांनी फळा पाहिला, डोकं खाजवलं. "हो गं, माझंच चुकलं. चल, पुन्हा मांडू."

यमुताई दारातच थबकली. मंग मागून धापा टाकत आलेल्या साहेबांकडे वळली. "हे काहून लपवून ठेवलं?"

"रंग द्यायचा राहिलाय ना, ताई. पाहुण्यांना कसं दाखवायचं?"

"येडे आहा तुम्ही! हेच दाखवाचं असते."

गेटपाशी हिमानीनं भेत भेत विचारलं, "मंग, आत्या?"

"भर अर्ज."

पोरगी तिथंच तिच्या गळ्यात पडली. एसटीत हिमानी खिडकीपाशी बसून आईसक्रीम खात होती, आन मले राहावलं नाही. "बाई, तुमचा हा शक आज पोरीले बुडवणार होता!"

यमुताई रागावली नाही. हिमानीकडेच पाहत होती.

"कन्हानवाल्याईची बैठकीची खोली लय झकास होती, भावना," ती म्हणे. "लग्न जमवताना बाबानं तेवढीच पाहिली. आत जाऊन कोणीच पाहिलं नाही वं."