बिलुंगा दाजींची न गिळलेली गोळी

आमच्या गावात ताडी ओतणारा माणूस पहिला पेला स्वतः पितो. आत विष नाही, एवढं समोरच्याला दिसलं पाहिजे. माझ्या मेंगेताईचे यजमान बिलुंगा दाजी तीस वर्षं ताडी काढतात. लोकांच्या विश्वासाखातर त्यांनी इतके पहिले पेले रिचवलेत की संध्याकाळी त्यांचा स्वतःच्या घरावरच विश्वास उरत नाही आणि ते शेजारच्या घरात शिरतात. ताई त्यांना कान धरून परत आणते.

म्हणूनच नदीच्या आंधळेपणावरच्या गोळ्या वाटायला गावातला एक माणूस हवा असं आरोग्य केंद्रातून सांगून आलं, तेव्हा मुखिया झोआंनी क्षणभरही विचार केला नाही. "बिलुंगाच्या हातून सगळं गाव पितं," ते म्हणाले. त्यांनी आणखी एक क्षण घ्यायला हवा होता.

सानागा नदीवरची बारीक काळी माशी चावते, तिच्यापासून कातडीत किडे होतात. माणूस आधी वर्षानुवर्षं खाजवतो, मग हळूहळू त्याला दिसेनासं होतं. ताई नदीकाठच्या शेतात भुईमूग करते. तिच्या पोटऱ्यांवर बिबट्यासारखे ठिपके पडले होते, आणि कालवणात दोनदा मीठ पडू लागलं होतं. बाई चिडून म्हणायची, "मीठच हल्ली जास्त खारट येतं." दाजी ते कालवण मुकाट गिळत. गोळ्या वाटायचं काम त्यांनी घेतलं ते तिच्यासाठी. गेलेली नजर गोळीने परत येत नाही, उरलेली वाचते, एवढं त्यांना केंद्रात सांगितलं होतं.

केंद्राने त्यांना रंगीत पट्ट्यांची काठी दिली. माणसाला काठीशेजारी उभं करायचं, उंची ज्या पट्टीत येईल तितक्या गोळ्या द्यायच्या. दाजी ती काठी घेऊन चर्चमध्येही जाऊ लागले. पाद्रीबाबांना त्यांनी साडेतीन गोळ्यांचे ठरवून टाकलं.

पण आमच्या जंगलात एक लाल माशीही आहे. तिचा किडा वेगळा. तो कधीमधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून चालत जातो. आपण आरशात बघायचं, त्याला जाऊ द्यायचं आणि कामाला लागायचं. त्याची पिल्लं मात्र रक्तात असतात, आणि ती फार झाली असली तर हीच गोळी जिवावर बेतते. नदीपलीकडच्या गावात पूर्वी दोन माणसं गोळी घेऊन झोपली ती उठलीच नाहीत. तेव्हापासून आधी बोट टोचायचं, मग गोळी. टोचायचंही दिवसाच, कारण ही पिल्लं सरकारी नोकरासारखी दहा ते चार रक्तात हजर असतात.

नर्स क्लोतिल्द यंत्र घेऊन आल्या. दाजींनी ऐटीत पहिलं बोट पुढे केलं. यंत्राने पिल्लांचा आकडा दाखवला, अडतीस हजार.

"वीस हजारांच्या वर गोळी नाही," नर्स म्हणाल्या.

"नाही म्हणजे? मी वाटणारा आहे."

"मग वाटा. गिळू नका."

ताईच्या रक्तात एकही निघालं नाही. दाजींना केवढा आनंद झाला.

झोआ मुखिया काठीशी उभे राहिले. दाजींनी गोळ्या पुढे केल्या.

"आधी तू," मुखिया म्हणाले.

"मला मनाई आहे."

"कोणाची?"

"माझ्याच रक्ताची."

मागून कोणीतरी म्हणालं, "पेला मात्र कधी मना नव्हता याच्या रक्ताला." सगळे हसले आणि रांग मोडली. नर्सबाईंनी स्वतः गोळी गिळून दाखवली. पण बाई संध्याकाळी गाडीत बसून जाणार, तिचं काय झालं ते आम्हाला कोण सांगणार?

शेवटी मुखियांनी रीत काढली. ओतणारा आजारी असेल तर बायकोच्या माहेरचा माणूस त्याच्या जागी पितो. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझं रक्त स्वच्छ निघालं होतं, नेमकं. मी गिळली. तीन दिवस माझं तोंड सुजलं, अंगाला खाज सुटली, आणि गाव बाकं आणून माझ्या अंगणात बसलं. "मेला की सांगा, मी शेतात आहे," असं म्हणून एकजण उठलाही. चौथ्या दिवशी मी नीरफणसाचं एक अख्खं पातेलं संपवलं, तेव्हा नर्सबाईंना पुन्हा बोलावून गावाने गोळ्या घेतल्या.

सगळ्यांनी. फक्त ताईने नाही.

"अगं, मी घेतली ना," मी म्हणालो.

"तू भाऊ आहेस. माझ्यासाठी दगडही गिळशील. लहानपणी गिळलायस. पण माझ्या पेल्याचा पहिला घोट नवऱ्याचा."

"मेंगे, मी घेतली तर मरेन," दाजी म्हणाले.

"ज्याने तू मरशील ते मला देतोस?"

"तुझ्या रक्तात ते किडे नाहीत."

"एका घरात झोपतो आपण. दुपारी तुझं जेवण घेऊन मीच जंगलात येते. तुला चावते ती माशी मला ओळख दाखवून सोडते का?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "सोडते. तसं कधी कधी होतं," आणि पेटी आवरू लागल्या.

मग दाजींनी एक आगाऊपणा केला. ताईच्या वाटणीच्या गोळ्या कुटून शेंगदाण्याच्या कालवणात घातल्या आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या हाताने वाढलं. ताईने ताटाचा वास घेतला. "आधी तू." दाजींचा हात ताटाकडे गेला आणि वरच थांबला. ताईने ताट उचलून अंगणात ठेवलं. कालवण कुत्र्याने खाल्लं. त्याची जुनी खरूज पंधरा दिवसांत गेली. दाजी त्याला बघितलं की तोंड फिरवत.

दाजींच्या अंगातल्या नदीच्या किड्यांसाठी केंद्राने वेगळ्या कॅप्सूल दिल्या, गोळीची मनाई असलेल्यांनाच मिळतात त्या, पाच आठवडे रोज एक. ती प्रत्येक कॅप्सूल त्यांनी ताईसमोर, तोंड उघडून दाखवत गिळली. "ही हिरवी आहे," ताई म्हणाली. "माझी पांढरी."

ताडाच्या झाडासाठी जंगलात जायचं त्यांनी सोडून पाहिलं. लाल माशी नको म्हणून. चार महिने. पण दुसरं काही त्यांना करता येत नाही, आणि रक्तातले किडे वर्षानुवर्षं टिकतात, असं नर्सबाईच म्हणाल्या. ते पुन्हा झाडावर चढले.

दुसऱ्या वर्षी आकडा आला एकतीस हजार. तिसऱ्या वर्षी, म्हणजे परवा, अठ्ठावीस. नर्सबाईंनी अभिनंदन केलं. दाजींनी काठी खांद्यावर टाकली, गावभर गोळ्या वाटल्या, कोणीही आधी तू म्हणालं नाही, आणि ते घरी आले. मी तिथेच होतो.

ताई अंगणात भुईमूग निवडत बसली होती. हल्ली ती शेंगा डोळ्यांजवळ नेत नाही, अंगठ्याने चाचपते.

"किती?" तिने विचारलं.

"अठ्ठावीस."

"वीस व्हायला अजून किती वर्षं?"

दाजी मनातल्या मनात हिशेब करत राहिले. त्यांना तो जमत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमतो, म्हणून मी शेंगांकडे पाहिलं.

"फार नाही," दाजी म्हणाले.

"बरं." तिने टोपली त्यांच्यापुढे सरकवली. "किडक्या तेवढ्या तू काढ. मला आता त्या लागत नाहीत हाताला."

दाजी खाली बसले आणि किडक्या शेंगा वेचू लागले.