ज्वारीच्या राखणीला दोन दिवस

शनिवार, १० जानेवारी. मुक्काम केदारखेडा. हजर: मी, माझी थोरली बहीण आक्का आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी.

जालन्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत मी कोंब मोजते. शंभर दाण्यांतले किती उगवले, एवढंच काम. बावीस वर्षं चुकले नव्हते. गेल्या महिन्यात दोनदा चुकले. साठच्या आसपास आकडा निसटतो. सोमवारी साहेब शेजारी बसून मोजणी तपासणार होते. पुन्हा चूक झाली तर बदली गोदामात.

आक्का फोनवर म्हणाली, "राखणीला माणूस न्हाई. ये. डोकं बी मोकळं होईल."

भोकरदनच्या गाडीनं साडेनऊला उतरले. दहाला मी माळ्यावर (चार खांबांवरचं मचाण) होते. खाली हुरड्यात आलेली ज्वारी. वहीत वेळापत्रक आखलं: दर दहा मिनिटांनी पत्र्याचा डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, खूण करायची. पहिलाच खडा मागे जाऊन माझ्या जेवणाच्या डब्यावर बसला. बाकी सगळं वेळेवर.

दुपारी दाजी बांधावरून येताना पूर्वेच्या कोपऱ्यात थांबले. तिथली कणसं निम्मी रिकामी होती.

"बाई, डबा कधी कधी वाजवून राह्यल्या?"

"दर दहा मिनिटांनी. बराबर."

"मंग पाखरांनी बी टाइमटेबल उतरून घेतलं."

खाली आक्का हुरडा भाजत होती. "ही लहानपणापासून अशीच. आधी ते घड्याळ काढ, शोभे."

घड्याळ पिशवीत टाकलं. मग काय करावं ते कळेना. ज्वारी हलायची आणि मन भलतीकडे जायचं: आईच्या चष्म्याची डबी, शाळेतला हौद, साहेबांचा चेहरा. तासाभरानं साहेब मनात यायचे थांबले. पण थवा उतरला की सळसळ वेगळी यायची, आणि मी डबा घेऊन उभी असायचे. मन लांब गेलेलं असलं तरी हाकेच्या अंतरावर असायचं. प्रयोगशाळेत मी ते मुठीत धरून बसायचे. तिथंच ते सुटायचं.

रविवारी एकही थवा टिकला नाही. लसणाच्या चटणीबरोबर हुरडा पोटभर खाल्ला. कितीतरी दिवसांनी मी आक्काला शाळेतल्या गमती सांगत बसले होते.

निघताना दाजी म्हणाले, "आत्ता कुठं राखणदार झाल्या, तर चालल्या."

सोमवारी चार ट्रे होते. तिसऱ्यात अठ्ठावन्नला आकडा डळमळला. साहेब बघत होते. मी चिमटा खाली ठेवला, खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे थोडा वेळ पाहिलं आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. चारही आकडे साहेबांच्या आकड्यांशी जुळले. गोदाम टळलं. आकडा पुढेही डळमळेल. आता त्याची धास्ती नाही.

वहीत एकच काम राहिलं आहे. माझ्यामुळे त्या कोपऱ्यातली कणसं गेली. उरलेल्यांवर बांधायला जुन्या साडीच्या पिशव्या शिवून शनिवारी न्यायच्या आहेत. साडी काढून ठेवली आहे. पिशवी अजून एकही झालेली नाही.