सहदेवचा हुंकार

भांडुपचा सहदेव लिफ्टचा मेकॅनिक. तळमजल्यावर उभा राहून सातव्या मजल्यावरच्या मोटारीची कुरकुर ओळखायचा. असले कान! पण घरात? घरात कान असून बहिरा, दुसरं काय.

तसा बाप वाईट नव्हता हो. लेक श्रुतिका लहान असताना रोज तिला गोष्ट सांगायचा. आटपाट नगर, आवडती राणी, नावडती राणी. नियम गावाकडच्या आजीचा: ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं, हुंकार थांबला की गोष्ट बंद. पोर पेंगत पेंगत हूं हूं करायची आणि मध्येच विचारायची, "नावडतीच्या मुलीला कुणीच का काही विचारत नाही, बाबा?"

"अगं, हूं म्हण नि गप ऐक!"

त्याच प्रश्नातून पोरीने पुढे कादंबरी लिहायला घेतली. जुन्या गोष्टी उलट्यापालट्या केलेल्या, जादूबिदू, नायिका नावडतीची लेक. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, मुलुंडच्या नितेशशी साखरपुडा उरकला होता, हॉलही बुक होता. एका रविवारी दुपारी ती वही घेऊन बापापाशी बसली. "बाबा, आता मी सांगते, तू हूं म्हण."

म्हटलं की त्याने. डोळे मात्र मोबाइलवरच्या मॅचमध्ये. राजकन्येला आरसेमहालात देणार होते, कुठला आरसेमहाल नि कुठलं काय! वाचता वाचता श्रुतिका थांबली. मग हळूच वाचलं, "राजकन्येने राजाला विचारलं, बाबा, मी नाही गेले त्या महालात, तर चालेल?"

"हूं."

"हूं म्हणजे काय, बाबा?"

"हूं म्हणजे पुढे सांग गं!"

तिने वही मिटली. "पुढचं अजून लिहिलं नाही."

लग्न झालं. नितेश तिचा फोन तपासायचा, माहेरी यायचं तर परवानगी मागायला लावायचा. दोन वर्षांत मोडलं सगळं. श्रुतिका चारकोपला खोली घेऊन एकटी राहू लागली. आणि सहदेव भेटेल त्याला सांगत सुटला, "आधी एक शब्द बोलली असती, तर मीच मोडलं असतं लग्न!" अगदी मनापासून सांगायचा, बिचारा.

मग कादंबरी छापून झाली आणि एक प्रत कुरिअरने घरी आली. सहदेव चष्मा लावून वाचत बसला. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला, आणि त्याच्याखाली एवढंच: राजा म्हणाला, हूं. राजकन्या निघाली.

बोलली होती रे, बोलली होती! तोंडावर विचारलं होतं पोरीने. आता कपाळ बडवून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला.

तरी त्याने फोन लावला. "श्रुती, ते आरसेमहालाचं पान... वाचून दाखव ना एकदा. तुझ्या तोंडून."

ती पुस्तक काढून वाचू लागली. सहदेव श्वास रोखून ऐकत होता, शब्द न् शब्द. प्रश्न आला. 'नको जाऊ' म्हणायचं होतं त्याला, निदान हूं तरी. पण आवाजच फुटेना.

पलीकडे श्रुतिकाने थोडी वाट पाहिली. नियम तिला पाठच होता.

"असू दे, बाबा. मॅच बघ तू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.