केळीच्या मुलखात केळी घेऊन

अक्का, मी निघाले त्या दिवशी तू धरणगावहून जळगाव स्टेशनवर आली होतीस. पिंपराळ्याच्या घराची किल्ली मी तुझ्या हातात दिली आणि तू एक कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीस. तिच्यात कळण्याचं पीठ, लाल मिरच्या आणि सगळ्यांत वर डझनभर केळी. "वाटमा भूक लागी," म्हणालीस. मग माझ्याकडे बघून हसलीस. "तू आठे बोलत नही, तठे काय बोलशी?" गाडी हलल्यावर पदर तोंडाला लावलास, तेही मी पाहिलं.

त्या केळ्यांचं काय झालं ते तुला आजवर सांगितलं नाही. लाज वाटत होती. सहा दिनेशने आणि मी वाटेत खाल्ली आणि उरलेली सहा दोन दिवस विमानं बदलत इथवर, ग्वायाकिलपर्यंत आली. विमानतळावर एक कुत्रा पिशवीपाशी येऊन बसला तो उठेचना. गणवेशातल्या बाईने केळी बाहेर काढली, काळी पडलेली, आणि बाकीच्यांना हाक मारून दाखवली. सगळे हसले. दिनेश खाली मान घालून उभा. आपला दिनेश इथे आलाच मुळी केळीच्या रोपांच्या कामावर, कारण इथली केळी अर्ध्या जगात जातात, आणि त्याची आई जळगावहून केळी घेऊन आलेली. ती बाई माझा खांदा थोपटून काहीतरी म्हणाली. दिनेशने नंतर सांगितलं, "आई, ती विचारत होती, इथे केळी कमी पडतील असं कुणी सांगितलं तुम्हाला?" केळी कचऱ्याच्या टोपलीत गेली. पीठ आणि मिरच्या वाचल्या.

काल फोनवर तू म्हणालीस, व्हिसा आला तरी मी येत नाही. "मी तठे मुकी व्हई जासू." वर विचारलंस, तिथे खायला काय मिळतं, निजायचं कुठे, दिवसभर करायचं काय. मला फोनवर पटकन सुचत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून वहीत लिहिते. आई गेल्यावर घरचं सगळं तू अंगावर घेतलंस आणि मला चौथीपर्यंत शाळेत धाडलंस. ते लिहिणं तुझ्या कामी नाही आलं तर कुणाच्या येणार? अक्षर मोठं काढलंय. पानांचे फोटो पाठवीन. अक्षरं जुळवत तुझं तूच वाच, कुणाला वाचायला देऊ नकोस.

आधी खाण्याचं. इथे बाजारात केळी तीन तऱ्हेची दिसतात. मोठी हिरवी ती बेर्दे, तीच पिकली की मादुरो, आणि आपल्यासारखी सोलून खायची ती गिनेओ. सकाळी लोक बेर्दे शिजवून लाकडाच्या खोलगट भांड्यात दांड्याने ठेचतात, त्यात चीज घालून मोठा लाडू वळतात. त्याला बोलोन म्हणतात. सोबत काळी कॉफी. मागताना एकच सांगायचं, "सोलो केसो," म्हणजे फक्त चीज, नाहीतर आत मटणाचं काही निघतं. दुपारी भात आणि मसुरीची घट्ट आमटी कुठल्याही खानावळीत मिळते. तिथे म्हणायचं, "सिन कार्ने," म्हणजे मटण नको. हे चार शब्द तुला पुरतील. मला पहिलं वर्षभर तेवढेही तोंडातून निघत नव्हते. दिनेश आणि सूनबाई कामावर गेले की मी खिडकीत बसायची.

मग एकदा भरीत खावंसं वाटलं. गॅसवर वांगं भाजून पाहिलं, पण कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजल्याचा वास त्याला कुठला? आमच्या कोपऱ्यावर रोसा नावाची बाई कोळशाच्या शेगडीवर मादुरो भाजून विकते. मी पिशवीत वांगं घेऊन चार दिवस तिच्या समोरून गेले आणि तशीच परत आले. पाचव्या दिवशी तिच्यापुढे उभी राहिले. शब्द आठवेना, म्हणून सरळ वांगं तिच्या शेगडीवर ठेवलं. रांगेतले लोक बघू लागले. माझे कान तापले. रोसाने एकदा वांग्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चिमटा घेऊन ते उलटवलं.

साल जरा करपताच ती काढायला निघाली. मी म्हणाले, "मास." म्हणजे आणखी. घराबाहेर, परक्या माणसाशी, तो माझा पहिला शब्द. तिने थांबून पाहिलं. मी परत म्हणाले, "मास, मास." पार काळंठिक्कर झाल्यावरच उतरवू दिलं. मग माझ्या डब्यातली मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात बघून तिने केळी ठेचायचं लाकडी भांडं माझ्याकडे सरकवलं. अक्का, अगदी आपल्या भरीत ठेचायच्या बडगीसारखं. मी तिथेच रस्त्यावर बसून भरीत ठेचलं. रोसाने बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "फाल्ता साल." घरी येऊन सूनबाईला विचारलं. मीठ कमी आहे.

मी खूप हसले आणि मग डोळे पुसले. तू जन्मभर माझ्या भरताला हेच म्हणत आलीस, "मीठ कमी शे." इतक्या लांब येऊनही कुणीतरी तेच म्हणणारं भेटलं. त्या दिवसापासून मी खिडकीत बसत नाही.

आता निजायचं. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो आणि तू लिफ्टमध्ये बसणार नाहीस. रोसाच्या घरामागे एक खोली आहे, ती प्रवाशांना भाड्याने देते. जमिनीवर आहे, दार वेगळं, शेगडी वेगळी, अंगणात आंब्याचं झाड आणि दोरीचा झोका. मी दोनदा बघून आले. आपण दोघी तिथेच राहू. गादी जरा मऊ आहे, तुला खाली सतरंजी टाकून देईन.

फिरायला नदीकाठ आहे. पुरातल्या तापीहून रुंद नदी, आणि समुद्राच्या भरतीने दिवसातून दोनदा उलटी वाहते. जलपर्णीचे तुकडे गेलेले परत येतात. मी कठड्याशी बसून त्यांच्याकडे बघते. एका बागेत घोरपडीसारखे मोठाले सरडे कोंबड्यांसारखे पायात फिरतात, घाबरू नकोस, पाला खातात. एका टेकडीला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, दर पायरीवर आकडा रंगवलेला. तुझे गुडघे जिथे थांबतील तिथे बसू, जागोजाग शहाळी मिळतात. ऊन आपल्या मे महिन्यापुढे काहीच नाही, फक्त घाम वाळत नाही.

पिंपराळ्याचं घर माझंच आहे, किल्ली तुझ्याकडे आहे म्हणून निश्चिंत आहे. पण इथेही आता माझं असं काही झालंय. कोपऱ्यावरून गेले की रोसा शेगडीच्या कडेला वांग्यापुरती जागा करते. मी नाही गेले तर दुसऱ्या दिवशी विचारते, काल कुठे होतीस.

एक चूक झाली आहे माझ्याकडून. गेल्या आठवड्यात मी तिला एक आख्खं वाक्य बोलले, पाठ करून गेले होते. माझी मोठी बहीण येणार आहे, भरतात मीठ तीच बरोबर घालते. रोसाने तेव्हाच खोली पुसून घेतली आणि शेगडीपाशी दुसरं स्टूल आणून ठेवलं. रोज विचारते, बहीण कधी येणार. मी रोज सांगते, येणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढं बोलले आहे अक्का, मला खोटी पाडू नकोस.

कळण्याचं पीठ आण, मिरच्या आण. केळी आणू नकोस.